मेणकापडाचा बुरखा

वेरूळला जाऊन आल्यापासून आमच्या आळीतल्या बायका मला लेण्यांबद्दल विचारतात. लेणी मी पाहिलीच नाहीत. मी पाहिलं ते औरंगाबादेतल्या एका शिंप्याचं घर, दौलताबादच्या घाटातलं धुकं आणि माझ्या नवऱ्याची पाठ. त्यातली पाठच सगळ्यात जास्त पाहिली. तेव्हा ज्यांना कैलास लेण्याची माहिती हवी असेल त्यांनी हे पुढं वाचलं नाही तरी चालेल. पावसात फटफटीवरून जायचा ज्यांचा विचार असेल त्यांनी मात्र वाचावं आणि मग आगगाडीचं तिकीट काढावं.

मी मुळातली भित्री. पाल चुकचुकली की माझा हात छातीवर जातो. विहिरीत डोकावून पाहत नाही, बैल शिंगं हलवायला लागला की रस्ता बदलते. अशा बाईनं भर श्रावणात, मागच्या चाकावर बांधलेल्या एवढ्याशा गादीवर बसून मोगलाईत जावं, ही काही हौस नव्हती. हा नवस होता.

नगर

गेल्या माघात ह्यांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना डोळ्यांना धक्का लावून गेला. हे सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढतात. शेताच्या बांधाची केसाएवढी रेघ आणि नाल्याची तुटक रेघ ह्यांतला फरक कळणं, हेच त्यांचं पोट आणि आमचंही. डॉक्टरांनी जाड भिंगांचा चष्मा दिला आणि वाट पाहायला सांगितलं. सासूबाईंनी वाट पाहिली नाही. त्यांनी घृष्णेश्वराला नवस बोलला, ‘माझ्या लेकाची नजर परत दे, येत्या श्रावणात त्याला तुझ्या पायाशी पाठवीन, चांदीचे डोळे वाहीन.’

ज्येष्ठात एके सकाळी हे अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, “आई, दिसायला लागलं गं. पूर्वीसारखं.”

सासूबाईंनी आळीभर साखर वाटली. सोनाराकडून चांदीचे डोळे करून आणले, पापण्यांसकट. खात्यानं गणपतीनंतर कामावर रुजू व्हायला सांगितलं. सगळं कसं छान झालं. मला एकटीला तेवढा संशय होता, कारण ताटातलं लिंबू समजून ह्यांनी एकदा मिठाची पुडी पिळलेली मी पाहिली होती. विचारलं मात्र नाही. विचारलं आणि ते “नाही दिसत” म्हणाले तर पुढं काय?

आणि मग फटफटी. तापाच्या आधी छावणीतल्या एका बदलून चाललेल्या साहेबाकडून ह्यांनी ती घेतली होती. आजारपणात ती ताडपत्रीखाली होती. नवस फेडायला जायचं ठरलं तशी ती बाहेर आली. नगरहून मनमाडला आगगाडी जाते, मनमाडहून दुसरी गाडी दौलताबादला सोडते आणि तिथून वेरूळला टांगे मिळतात, हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं.

“टांग्यात बसून काय जायचं? डोळे बरे झालेला माणूस आहे मी,” हे म्हणाले.

सासूबाईंच्या डोळ्यांत कौतुक मावेना. जो फटफटी चालवतो त्याला दिसत नाही असं कोण म्हणेल? मला तेव्हाच कळलं की ही फटफटी वेरूळला जाण्यासाठी नाही. ती आम्हा सगळ्यांची तोंडं बंद करण्यासाठी आहे.

नऊवारीचा एक फायदा असतो, कासोटा घातलेल्या बाईला दोन्हीकडे पाय टाकून बसता येतं. आमच्या आळीनं ते पाहिलं आणि पुढं महिनाभर पुरेल एवढं बोलून घेतलं. चांदीचे डोळे मी फडक्यात गुंडाळून कमरेला खोचले. पदर आवळून बांधला, कारण पदर चाकात जाऊन बाई मेली अशी एक गोष्ट मला कुणीतरी निघायच्या आदल्या दिवशीच आवर्जून सांगितली होती.

मोगलाईची हद्द

गोदावरी कशी ओलांडली ते मला विचारू नका. मी डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा पलीकडच्या तीरावर निजामाचा नाका होता आणि एक पांढऱ्या दाढीचे कारकून आमचं सामान पाहत होते. आमच्याकडे नाक्यावरचा माणूस आधी दरडावतो. इथं आधी “तशरीफ ठेवा” म्हणाले, बसायला बाक दिलं, आणि मग बोचकं उलगडायला लावलं.

“कमरेला काय आहे, बाई?”

मी फडकं सोडलं. चांदीचे डोळे बाकावर ठेवले. ते डोळे कारकुनांकडे टक लावून पाहत होते, आणि कारकून त्या डोळ्यांकडे.

“कोणाचे?”

“माझे,” हे म्हणाले. “नवसाचे. बरे झाले डोळे.”

कारकुनांनी ह्यांच्या जाड चष्म्याकडे पाहिलं. फडकं पुन्हा नीट गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “अल्ला रोशनी देवो.” बरे झालेल्या माणसाला कुणी असा आशीर्वाद देत नाही, एवढं मला कळलं.

नाक्याच्या पुढं पाऊस लागला. माझ्या अंगावर घोंगड्याचा तुकडाही नव्हता. मी भिजले, बोचकं भिजलं, भिजलेली नऊवारी एखाद्या ओल्या गोणपाटासारखी जड झाली. औरंगाबादेत पोचलो तेव्हा माझे दात वाजत होते आणि ह्यांचा चष्मा खिशात होता. शेवटचे काही मैल ह्यांनी चष्म्याशिवाय गाडी हाकली होती, कारण काचेवरचं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. हे मला उतरल्यावर समजलं, ते एका परीनं बरंच झालं.

औरंगाबाद

आम्ही उतरलो ह्यांच्या चुलतबहिणीकडे. गोदूवन्सं. त्यांचे यजमान इथल्या कचेरीत नोकरीला, घर गुलमंडीच्या मागं. वन्सं आमच्याच कुळातल्या, पण बारा वर्षांत पार मोगलाईच्या झाल्या आहेत. त्यांची मुलं पाढे उर्दूत म्हणतात आणि आजीला पत्र लिहायचं म्हटलं की रडतात. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, इथं आधी चहा. चहात दूध इतकं की चमचा उभा राहावा. ज्वारीची भाकरी मात्र आपल्याहून पातळ आणि ठेचा आपल्याहून जहाल.

“वहिनी, अशा पावसात तुम्ही घाट चढणार?” वन्सं माझे केस पुसत म्हणाल्या. “अंगावर काही तरी घ्या मग. इथं हमीदमियाँ आहेत. टांग्यांची छतं शिवतात, घोड्यांच्या झुली शिवतात. मेणकापडात त्यांचा हात धरणारा नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही फटफटी ढकलत हमीदमियाँच्या दारात नेली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. टायर दाबून पाहिला. दांड्याला हात लावून झटकन मागं घेतला, जणू ती चावेल.

“साहेब, हिला छत बसवून देऊ का? टांग्याला बसवतो तसं?”

“छत नको. आमच्या अंगावर काय घालायचं ते सांगा.”

आता पावसात फटफटीवर काय घालावं, ह्याचं शास्त्र त्या शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं. ह्यांच्याकडे साहेबानं गाडीसोबत दिलेला रबरी कोट होता. तो घोट्यापर्यंत लांब होता, पण मधोमध चिरलेला, त्यामुळे बसलं की मांड्या उघड्या पडायच्या. शिवाय कोटावरून ओघळलेलं पाणी सरळ बुटात जायचं. बूट म्हणजे दोन पाणी भरलेले तांबे. डोक्यावरची टोपी वाऱ्यानं उडायची. चष्म्यावर घालायला ह्यांनी बाजारातून धूळचष्मा आणला, रबराच्या कडेचा. दोन्ही एकावर एक चढवले की आतल्या वाफेनं दोन्ही धुरकट व्हायचे.

हमीदमियाँ घोड्याच्या हिशेबानं विचार करणारे. त्यांच्या मते झूल जितकी लांब तितका घोडा कोरडा. त्यांनी कोटाची चीर बंद केली आणि दोन्ही बाजूंना मेणकापडाचे रुंद पाखे जोडले, ते पायांवरून खाली लोंबतील असे. आम्हालाही ते फार शहाणपणाचं वाटलं. मी तर स्वतः कापड धरून म्हणाले, “अजून थोडं खाली घ्या, बूट झाकू द्या.” चाकाची भीती मला फक्त माझ्या पदरापुरती होती.

एक म्हातारा धनगर दुकानात झूल घ्यायला आला होता. तो ह्यांना म्हणाला, “मालक, घोंगडं घ्या की. समदं त्यातच येतंय.” हे हसले आणि म्हणाले, “घोंगडं पांघरून फटफटी? लोक मेंढरं कुठं आहेत म्हणून विचारतील.”

माझं माप घ्यायला हमीदमियाँनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं त्यांची बायको खालाबी शिवणयंत्रावर बसली होती. ठेंगणी, पान खाल्लेली, बोटांना मेणाचा वास.

“आवो बाई, या. मर्दांसमोर माप नको.” त्यांनी मला उभं केलं, फिरवलं, कासोट्याला हात लावून हसल्या. “ही चांगली सोय आहे तुमची. आमच्यात असती तर मी पण फटफटीवर बसली असती.”

“माझा पदर चाकात जायला नको, एवढंच बघा,” मी म्हटलं. “मला फार भीती वाटते.”

“पदराची?”

“सगळ्याचीच.”

खालाबींनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या नाहीत. “भ्यायचं असतं, बाई. माझा भाऊ नाही भ्यायचा. शिवना नदीच्या पुरात बैलगाडी घातली.” मग त्यांनी मेणकापडाला कात्री लावली.

संध्याकाळी त्यांनी माझ्या डोक्यावरून जे घातलं तो सरळसरळ बुरखा होता. काळ्या मेणकापडाचा, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत, खाली दोरीनं आवळायचा. कपाळावर पुढं आलेली कडक झालर, आणि डोळ्यांपुढं जाड दोऱ्याची जाळी.

“अहो खालाबी, हे काय केलंत? जाळी कशाला?”

“बाईमाणूस पुरी झाकायची म्हणलं तर माझ्या हाताला एकच काट ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या, जरा चाचरत. “जाळी अशीच लागून गेली. बिनजाळीचा बुरखा मी कधी शिवलाच नाही. काढू का?”

काढायची म्हणजे पुन्हा उसवायचं, आणि सोमवार उद्यावर आलेला. मी म्हटलं राहू द्या. तसंही आत मला बरं वाटत होतं. कुणालाही आपलं तोंड दिसत नाही म्हटलं की घाबरण्याची मोकळीक मिळते.

घरी आल्यावर वन्संनी परीक्षा घ्यायचं काढलं. अंगणात फटफटी उभी केली, आम्हाला सगळा पोशाख चढवून तिच्यावर बसवलं आणि वरून घागरी ओतल्या. शेजारच्या बायका गच्चीवर जमल्या. मी आत कोरडी ठणठणीत होते. जाळीवर पाणी पडायचं, दोऱ्यांवर फुटायचं आणि झालरीमुळे डोळ्यांपर्यंत यायचंच नाही. सगळं स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मला तेही स्वच्छ दिसलं. वन्सं टॉवेल घेऊन ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. “दादा, धर.” ह्यांनी हात पुढं केला तो त्यांच्या डावीकडे, नुसत्या हवेत. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“चष्म्यावर पाणी आहे,” हे हसून म्हणाले. मग दोन्ही चष्मे काढले, पुसले, चढवले. आभाळ भरून आलेलं होतं, उजेड मळकट होता. पुन्हा हात पुढं केला. पुन्हा डावीकडे.

वन्संनी टॉवेल त्यांच्या हाताशी सरकवला आणि आत गेल्या. मी जाळीमागं रडत होते. कुणाला दिसलं नाही.

“आगगाडीनं जाऊ या का हो?” मी जेवताना विचारलं.

“भित्यापाठी ब्रह्मराक्षस,” हे म्हणाले, आणि ठेचा तिथंच आहे असं समजून भाकरीचा तुकडा ताटाच्या रिकाम्या बाजूला बुडवला.

पडेगाव

सोमवारी पहाटे निघालो. पडेगावपाशी एका पोलिसानं हात केला. जवळ आल्यावर त्याला माझा बुरखा दिसला, तसा तो गर्रकन पाठमोरा झाला आणि तसाच म्हणाला, “माफ करा साहेब, जनाना आहे माहीत नव्हतं. जा, जा.” नगरची कुळकर्ण्यांची सून मोगलाईत बेगम झाली. एरवी मी आठवडाभर हसले असते.

पुढं पाऊस सुरू झाला. रिपरिप नव्हे, आडवा. ह्यांची पाठ माझ्या नाकापुढं होती आणि मला तिच्यातून कळत होतं की हे पुढं झुकून काहीतरी शोधत आहेत. मग त्यांनी एक खेळ काढला.

“समोरून काही येतंय का, सांग बरं. बघू तुझी नजर कशी आहे.”

“बैलगाडी. लांब आहे.”

“कोणत्या बाजूनं?”

बैलगाडी रस्त्याच्या अगदी मधोमध होती आणि लांब मी घाबरून म्हटलं होतं, तशी ती फार लांब नव्हतीच. “उजवीकडून,” मी ओरडले, आणि त्यांचा डावा खांदा दाबला. त्यांनी गाडी डावीकडे घेतली. गाडीवान आम्हाला शिव्या देत निघून गेला.

त्यानंतर तो खेळ संपला. मी फक्त दाबत होते. डावा खांदा, उजवा खांदा, थांबायचं असलं की दोन्ही. ते माझ्या हाताप्रमाणे गाडी वळवत होते आणि आम्ही दोघंही असं दाखवत होतो की मी नुसती भीतीनं त्यांना धरून बसले आहे. भीतीनं धरून बसले होते हे काही खोटं नव्हतं. नाल्यावरची प्रत्येक मोरी दिसली की मी मनात म्हणायचे, हीच. इथंच. कमरेला चांदीचे डोळे टोचत होते आणि ज्या नजरेसाठी ते केले ती नजर माझ्यापुढं बसून काहीच पाहत नव्हती. नवस फेडायला चाललो होतो, आणि देवानं अजून काही दिलंच नव्हतं.

दौलताबादचा घाट

किल्ला ढगात होता. घाट सुरू झाला तसं धुकं खाली उतरलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठडा जिथं ढासळलेला तिथं नुसता पांढरा धूर. खाली किती खोल आहे ते दिसत नव्हतं, त्यामुळे मला ते पाताळापर्यंत वाटत होतं.

“अहो, थांबू या.”

“थांबलं की ही पुन्हा चालू होत नाही.”

एका वळणावर धुक्याचा एक तुकडा हलला. मला क्षणभर दगड वाटले. मग त्या दगडांना तोंडं फुटली. मेंढरं होती, सगळा रस्ता भरून, भिजून धुक्याच्याच रंगाची झालेली. मी दोन्ही खांदे दाबले. ओरडलेसुद्धा. ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी घसरली, कठड्याच्या बाजूला, जिथं कठडा नव्हता.

त्याच वेळी कसला तरी फाटल्याचा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी गचकन अडकून आडवी पडली. मी चिखलात होते. माझा पदर शाबूत होता. ह्यांच्या कोटाचा तो लांब पाखा, जो मीच अजून खाली घ्यायला लावला होता, तो साखळीत गुंडाळून चाकात घट्ट बसला होता आणि हे त्याला बांधल्यासारखे गाडीशी पडले होते. चाक हातभर पुढं गेलं असतं तर आम्ही धुरात गेलो असतो.

मेंढरांच्या मागून एक धनगर धावत आला, त्याच्यामागं त्याची बायको. त्यानं आधी मेंढरं मोजल्यासारखी पाहिली, मग आम्हाला.

“हलू नगा, मालक. गळा आवळंल.” त्यानं कोयत्यानं कोट कापला, पाठीवरून सरळ खालपर्यंत, साहेबाचा रबरी कोट. हे सुटले. गुडघ्यातून रक्त येत होतं, बाकी शाबूत होते.

“माझा चष्मा,” हे म्हणाले.

धूळचष्मा गळ्यात अडकला होता, पण चष्मा त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, एका सपाट दगडावर पडला होता. काच फुटली नव्हती. हे गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चिखल चाचपत होते. उजवीकडे, डावीकडे, मागं. मी हलले नाही. बहुतेक त्यांना स्वतःलाच तो सापडेल असं वाटत होतं.

धनगराची बायको हे सगळं पाहत होती. तिनं सरळ विचारलं, “मालकाला दिसत नाय व्हय?”

नगरात सहा महिने जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो तिनं मेंढरू लंगडतंय का विचारावं तसा विचारला. पाऊस पडत होता. मेंढरं खोकत होती. ह्यांचे हात थांबले.

“नाही,” हे म्हणाले. “उन्हात थोडं दिसतं. असं आभाळ आलं की नाही दिसत.”

“आन् गाडी कशी हाकली?”

ह्यांनी हात वर करून माझ्या दिशेला केला. दिशा बरोबर होती. “हिनं हाकली.”

मी चष्मा उचलला, माझ्या पातळाच्या आतल्या कोरड्या टोकानं पुसला आणि त्यांच्या नाकावर ठेवला. ते म्हणाले, “तुला कधीपासून ठाऊक?” मी म्हटलं, “मिठाच्या पुडीपासून.” ते हसले, आणि मग चिखलात बसूनच रडले. लग्नानंतर मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. त्या वेळी वाटली तेवढी भीती मला कठड्याशीही वाटली नव्हती, कारण आता ते खरं झालं होतं.

धनगरानं आपलं घोंगडं काढून ह्यांच्या डोक्यावरून टाकलं. “आता लई बोलू नगा. म्होरं वळणाला ह्याहून वंगाळ धुकं हाय. मेंढरांमागं या.” घोंगड्याला मेंढ्यांचा असा वास होता की काय सांगावं, आणि ते काही फार कोरडंही राहिलं नव्हतं. पण ऊब होती. धनगरानं पुढं घंटेचा बोकड घेतला, मागं मेंढरं, मग आम्ही, फटफटी ढकलत. हे दांडी धरून आणि मी मागून जोर लावून. धुक्यात फक्त घंटा ऐकू येत होती. लोक मेंढरं कुठं आहेत म्हणून विचारणार होते. मेंढरं आमच्या पुढं होती.

खुलदाबादेत धनगरीण आपल्या वाटेनं निघाली तेव्हा मी तिला विचारलं, “तुला कसं कळलं गं?”

“आंधळी मेंढी बी अशीच करतीया,” ती म्हणाली. “म्होरचीच्या शेपटाला नाक लावून चालती. म्होरची हालली न्हाय की तिला काय बी उमगत न्हाय.”

वेरूळ

फटफटी खुलदाबादेत एका दुकानदाराच्या ओसरीवर ठेवली आणि टांग्यानं वेरूळला गेलो. टांग्याला हमीदमियाँच्या हातचं छत होतं की काय कोण जाणे, गळत नव्हतं.

सोमवारची गर्दी होती. इथं गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी कमरेवरचं सगळं काढायचं असतं. आमच्याकडे सोवळं नेसतात, इथं नुसतं उघडं व्हायचं. मी पाहत राहिले. घोंगडं काढलं. फाटका रबरी कोट काढला. धूळचष्मा, टोपी, सदरा. एवढं निवडून, शिवून, घागरींनी तपासून अंगावर चढवलं होतं आणि देवाच्या दारात हे उघडे, काकडत, गुडघ्याला माझ्या जुन्या पातळाची चिंधी बांधून उभे होते. शेवटी चष्माही काढला आणि माझ्या हातात दिला.

मी कमरेचं फडकं सोडून चांदीचे डोळे काढले. पुजारीबुवांनी ते पाहिले.

“नवस फेडायचा का बोलायचा?”

मी सासूबाईंनी शिकवलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. घरी गेल्यावर काय सांगायचं, खात्याला काय सांगायचं, गणपतीनंतर चूल कशावर पेटवायची, हे सगळं एकदम आठवलं.

“बोलायचा,” हे म्हणाले. “अजून काही फिटलेलं नाही.”

“मग हे डोळे?”

“हे परत नेतो.”

पुजारीबुवांनी हातानंच आत जायची खूण केली. आमच्यामागं रांग होती. हे आत गेले, चाचपत, उंबऱ्याशी एका अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून.

नगर

परत आगगाडीनं आलो. फटफटी मागच्या डब्यात, घोंगडं ह्यांच्या अंगावर. धनगरानं ते परत घेतलंच नव्हतं. मनमाडपर्यंत हे खिडकीशी बसून होते आणि मी त्यांना बाहेर काय आहे ते सांगत होते. लासूर आलं, शिवना आली, पाणी पुलाला लागलेलं. “खूप पाणी आहे?” त्यांनी विचारलं. “फार आहे,” मी म्हटलं. मला खालाबींचा भाऊ आठवला, आणि मी ह्यांचा हात धरून ठेवला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. दुपार होती, पावसानं उघडीप दिली होती, अंगणात ऊन पडलं होतं.

“फिटला का रे नवस?”

ह्यांनी कनवटीचं फडकं काढलं, चांदीचे डोळे सासूबाईंच्या हातावर ठेवले आणि त्यांची मूठ मिटली. “हे तुझ्याकडेच ठेव, आई. अजून वेळ आहे.”

सासूबाईंना समजायला वेळ लागला. समजलं तशी त्या मटकन पायरीवर बसल्या. मला वाटलं आता त्या रडतील, मला बोल लावतील, देवाला बोल लावतील. त्यांनी मुठीतले डोळे पदरानं पुसले. मग लेकाच्या हनुवटीला धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

“मी दिसते का रे तुला?”

“आत्ता दिसतेस. ऊन आहे.”

“आणि पावसात?”

हे माझ्याकडे वळले. मी तो काळा बुरखा दोरीवर वाळत टाकत होते.

“पावसात हिला विचारतो,” ते म्हणाले.